सासरेबुवा पाण्यात पडले

"ही दोरी तुटणार नाही!" एवारिस्तोने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. "नदीवरचा पूल तुटेल, चर्चचा कळस तुटेल, वेळ आली तर माझं लग्न तुटेल, पण ही दोरी तुटणार नाही!"

"लग्नाचं काय म्हणालास?" आतून त्याच्या बायकोचा, नेलिदाचा आवाज आला.

"उदाहरण दिलं गं!"

शनिवारची संध्याकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी दोरादो माशाची स्पर्धा होती. पाराना नदीच्या काठावरच्या त्या गावात हा दिवस वर्षातून एकदा येतो. दोनशे बोटी, सहाशे माणसं, आणि सगळ्यांना एकच सोनेरी, दातेरी, वाईट स्वभावाचा मासा हवा असतो. त्या रविवारी गावचे पाद्री, फादर सेनोन, सकाळची प्रार्थना अकरा मिनिटांत उरकतात, कारण त्यांचीही बोट असते.

एवारिस्तो लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरीला होता. गेले तीन महिने त्याने मासे पकडायच्या दोऱ्यांचा अभ्यास केला होता. लोक वकिलीचा करतात तसा, वह्या वगैरे भरून. शेवटी त्याने जी निवडली ती आठ पदरी विणलेली दोरी शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक होती आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे बैलाला उचलू शकत होती. गावात उचलून घ्यायला तयार असा बैल न मिळाल्यामुळे त्याने दुपारी दोरीचं एक टोक शेजारच्या सिरियाकोच्या लोखंडी फाटकाला बांधलं, दुसरं आपल्या मोटारसायकलला बांधलं, आणि गाडी हाणली.

दोरी तुटली नाही. फाटक निघालं. ते मोटारसायकलमागे खडखडत चर्चपर्यंत गेलं. सिरियाको बनियनवर बाहेर आला, जिथे मघापर्यंत फाटक होतं तिथे बराच वेळ बघत उभा राहिला आणि आत गेला.

"पाहिलंत ना, सासूबाई?" एवारिस्तो आता विचारत होता. "फाटक निघालं!"

"फाटक आधीच ढिलं होतं," दोन्या रुफिना म्हणाल्या.

नेलिदाची आई दोन्या रुफिना म्हणजे सहासष्ट वर्षांची, एवारिस्तोच्या खांद्याला लागणारी बाई. वारा उलटा असो की सुलटा, बोट त्यांनीच चालवायची. घर त्यांचं, बोट त्यांची, आणि एवारिस्तोही साधारण त्यांचाच. मासेमारीसाठी त्या बिस्किटांच्या डब्याला गुंडाळलेला जाड नायलॉनचा तंगूस वापरायच्या. तो तंगूस म्हाताऱ्या माणसाच्या नखांसारखा पिवळा पडला होता.

"तंगूस उन्हाने कुजतो, सासूबाई. ताणला की रबरासारखा लांबतो. डब्यावर राहून राहून त्याला वेटोळ्यांची सवय लागते. आणि इतका जाड! माशाला लांबूनच दिसतो!"

"तूही लांबूनच दिसतोस. आम्ही लग्न लावून दिलंच ना?"

"पण मुद्दा अनाक्लेतोंचा आहे!"

इथे दोन्या रुफिनांनी बिस्किटांचा डबा बाजूला ठेवला.

अनाक्लेतो म्हणजे त्यांचे यजमान, एवारिस्तोचे सासरे. बावीस वर्षं ते या स्पर्धेत उतरले आणि बावीस वर्षं एकही बक्षीस न घेता घरी आले. सहा वर्षांपूर्वी ते वारले. त्याच्या आदल्या आठवड्यात, अंथरुणात पडल्या पडल्या, त्यांनी एक लाकडी मासा कोरला होता. लाकूड कुठून आणलं? खाली वाकून पलंगाचा एक पाय कापला. तेव्हापासून दोन्या रुफिनांच्या पलंगाला तीन पाय आणि चार विटा आहेत. आमिषाचा तो मासा हिरव्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, गालांवर दोन लाल ठिपके असलेला होता. अनाक्लेतो तो बायकोच्या हातात देऊन म्हणाले होते, "मी नाही जिंकलो. निदान हा जिंकू दे."

त्या दिवसापासून त्या माशाचं नाव अनाक्लेतो. तो वर्षभर देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीशेजारी असायचा. दोन्या रुफिना त्याच्याशी बोलायच्या, कधी कधी भांडायच्या. स्पर्धेच्या दिवशी त्याला जाड तंगुसाला बांधून पाण्यात सोडायच्या. पण जाड तंगुसाला बांधलेले सासरेबुवा पाण्यात तसेच पोहायचे जसे हयातीत रविवारी दुपारी काम करायचे, म्हणजे जिथे आहेत तिथेच. सहा वर्षांत एकाही माशाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"माझ्या दोरीवर ते नाचतील, सासूबाई," एवारिस्तो हळू आवाजात म्हणाला. "शेपटी हलवतील. जिवंत वाटतील."

दोन्या रुफिनांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. दोन्हींतला फरक त्यांना स्पष्ट दिसला असावा.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

*

रविवार उजाडला तो धो धो पाऊस घेऊन. वीज कडाडली तरच ही स्पर्धा थांबते. पावसाने स्पर्धा थांबत नाही, फक्त माणसं भिजतात.

धक्क्यावर बोटीत बसल्यावर दोन्या रुफिनांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतून मातेचं, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाचं, भांडं भरलं आणि तो हिरवा घोट एवारिस्तोपुढे धरला. दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेले अनाक्लेतो होते.

"घे. सहा वर्षं मी यांना दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेलं नाही. हे पाण्यात जातील आणि हे परत येतील. हे नाही आले, तर तूसुद्धा येऊ नकोस. तिकडेच नदीकाठी कुठे सोय बघ."

एवारिस्तोने एका हातात भांडं घेतलं, दुसऱ्या हातात अनाक्लेतो. "धन्यवाद, सासूबाई!"

तो हे सासऱ्यांसाठी म्हणाला. पण आमच्याकडे मातेचं भांडं हातात असताना "धन्यवाद" म्हटलं की त्याचा अर्थ "बस, आता मला नको". दोन्या रुफिनांनी भांडं शांतपणे परत घेतलं, आणि भर पावसातल्या त्या गारठ्यात एवारिस्तोला दिवसभर एक थेंब मिळाला नाही.

मग बोटीत पंच चढला.

या स्पर्धेत प्रत्येक बोटीवर दुसऱ्या गावच्या क्लबचा एक पंच बसतो. मासा तो मोजतो, वहीत लिहितो, आणि मासा जिवंत पाण्यात सोडला जातोय हे पाहतो. यांच्या वाट्याला आले सेन्योर एस्कुर्रा. लांब चेहऱ्याचे, लांब मिशांचे, पावसात वही भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी टोपीखाली ठेवणारे. त्यांनी नियम वाचून दाखवले.

"पंच दोरीला हात लावणार नाही. पंच मदत करणार नाही. पंच सल्ला देणार नाही. शब्दाने नाही, खुणेने नाही. भोंगा वाजेपर्यंत पंच म्हणजे बोटीतलं सामान."

"सामानाला भूक लागते का?" दोन्या रुफिनांनी विचारलं.

"खाण्याबद्दल नियमात काही नाही."

त्यांनी अनाक्लेतोंना मोजलं ("सोळा सेंटिमीटर"), पक्कड घेऊन नियमाप्रमाणे गळांचे उलटे काटे दाबून सपाट केले, म्हणजे माशाला इजा कमी होते, आणि बोट निघाली.

सुरुवात झकास झाली! दोरीच्या टोकाला माशाच्या दातांसाठी वीतभर पोलादी तार, तारेला अनाक्लेतो. एवारिस्तोने फेक टाकली, रीळ फिरवलं, आणि दोन्या रुफिनांचा हात सुकाणूवरच थबकला. हिरवी पाठ पाण्यात डावी-उजवीकडे वळवळत येत होती. शेपटी हलत होती.

"आई गं," त्या पुटपुटल्या. "लग्नात असेच नाचले होते."

एवारिस्तोची छाती अशी फुगली की रेनकोटचं एक बटण तुटलं. दोरी मात्र तुटली नाही, हे त्याने लगेच बोलून दाखवलं.

साडेनऊला दोन्या रुफिनांनी अंगावरच्या पोंचोखालून पातेलं काढलं.

पाऊस आला की तोर्ता फ्रिता करायच्या. याला आमच्याकडे अपवाद नाही. घरात लग्न असो की मयत, पाऊस पडला की पीठ मळायचं, मध्ये भोक पाडायचं आणि गाईच्या चरबीत तळायचं. दोन्या रुफिनांनी पहाटे चाळीस तळल्या होत्या. नको म्हणणं शक्य नव्हतं. सेन्योर एस्कुर्रांनी तर पहिल्या तिघींना डोळे मिटून निरोप दिला. एवारिस्तोने दोन खाल्ल्या, तिसरी तोंडात धरली आणि फेक टाकली. फेक थेट जलपर्णीच्या बेटात गेली.

अनाक्लेतो अडकले!

दोन्या रुफिनांनी इंजिन इतकं हळू केलं की पावसाचाच आवाज मोठा वाटू लागला. एवारिस्तो पोटावर झोपून, पाण्यावर लोंबकळून, मुळ्या उपसू लागला. सासूबाईंनी त्याचा एक पाय धरून ठेवला होता. प्रेमाने नव्हे, वजन सांभाळायला. पाच मिनिटांनी अनाक्लेतो हाताला लागले, ठणठणीत. तारेजवळ मात्र दोरीला गुंता पडला होता.

"काही नाही," एवारिस्तो म्हणाला. "एवढा तुकडा कापतो आणि नवी गाठ मारतो. लहानपणापासून मारतोय ही गाठ. पाच वेढे, एकदा ओवायचं, ओढायचं. झालं!"

त्याने हात रेनकोटला पुसले. रेनकोट ओला होता, त्यामुळे हात ओले झाले, पण चरबी होती तिथेच राहिली. त्याने चकचकीत बोटांनी पाच वेढे दिले, ओवलं, ओढलं, आणि कलाकृती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

सेन्योर एस्कुर्रांच्या हातातली तोर्ता तोंडाशी जाता जाता थांबली. त्यांनी गाठीकडे पाहिलं. भुवया वर गेल्या आणि टोपीखाली नाहीशा झाल्या.

"आवडली ना?" एवारिस्तो म्हणाला.

पंचाने घशातून कुकरसारखा आवाज काढला.

पुढच्या दोन तासांत सेन्योर एस्कुर्रांची तब्येत काही ठीक दिसेना. एवारिस्तोने फेक टाकली की ते डोळे गच्च मिटायचे. अनाक्लेतो परत आले की सुस्कारा सोडायचे. मध्येच दातांत मिशी धरायचे. एकदा तर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि आकाशाकडे बघत कसलीशी प्रार्थना म्हटली.

"चरबी सोसली नाही वाटतं," एवारिस्तो सासूबाईंच्या कानात म्हणाला.

"मग दहावी का घेतायत?"

"सेन्योर एस्कुर्रा, बोट काठाला घेऊ का? झुडपं आहेत तिकडे. आम्ही बघणार नाही."

सेन्योर एस्कुर्रांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. पाऊसही असेल.

*

अकरा चाळीसला दोरादोने धडक दिली.

धडक म्हणजे धडकच! रॉड गुडघ्यात वाकला, एवारिस्तो गुडघ्यात वाकला, रिळातून दोरी अशी किंचाळत सुटली की आजूबाजूच्या चार बोटींनी माना वळवल्या. मग पन्नास हातांवर पाणी फुटलं आणि सोन्याचा एक दरवाजा हवेत उभा राहिला. निदान एवारिस्तोला तरी तो दरवाजाच वाटला. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यातून हिरवी शेपटी बाहेर डोकावत होती.

"अनाक्लेतो!" दोन्या रुफिना उभ्या राहिल्या. "धरलाय त्यांनी! सोडू नका हो!"

"मीटर आहे! मीटरभर आहे!"

"बडबड नको, खेच!"

"खेचायचं नसतं सासूबाई, दमवायचं असतं!"

"मग तू का दमतोयस?"

माशाने बोट ओढायला सुरुवात केली. खरंच ओढली! अख्खी बोट, सासू, जावई, पंच आणि उरलेल्या वीस तोर्तांसकट, प्रवाहाच्या विरुद्ध सरकली. दोरी सतारीच्या तारेसारखी ताणली गेली होती. तिच्यावर पडणारे पावसाचे थेंब उडून एवारिस्तोच्या तोंडावर येत होते.

"बघा!" तो ओरडला. "तुटतेय का? बघा तरी! बैल लावा बैल!"

दोन्या रुफिनांनी एका हाताने सुकाणू धरलं होतं, दुसऱ्याने गळ्यातला क्रूस. सेन्योर एस्कुर्रांनी मोजायची पट्टी छातीशी धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. मासा दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा खोल गेला. चौथ्यांदा बोटीपासून पंधरा हातांवर वर आला. दमलेला, आडवा, सोनेरी, जवळजवळ मिळालेला. एवारिस्तोने शेवटचा एक हिसका दिला.

आणि रॉड सरळ झाला.

काही आवाज झाला नाही. तुटल्यावर फट्‌ असा आवाज येतो, तो आला नाही. नुसतं वजन गेलं. एवारिस्तो मागच्या मागे पातेल्यात बसला.

त्याने रीळ गुंडाळलं. दोरीचं टोक बोटीत आलं. अखंड, गुळगुळीत, शेवटी डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं. गाठ होती तिथे आता नुसतं वळण होतं. तार गेली होती. अनाक्लेतो गेले होते.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं असं एवारिस्तोला वाटलं, आणि आयुष्यात जे वाक्य कधीच बोलायला नको होतं ते तो बोलला.

"तुटली नाही."

दोन्या रुफिनांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पाण्याकडे बघत होत्या. पावसाने केस कपाळाला चिकटले होते, आणि एवारिस्तोला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"त्या वेळी निदान निरोप घेऊन गेले होते," त्या म्हणाल्या.

फाटक अंगावर पडलं असतं तर बरं, असं एवारिस्तोला झालं. "सासूबाई, काटे दाबलेले आहेत! मासा उडाला की झटकून टाकेल! आणि लाकूड आहे, तरंगेल!"

"तरंगतात ते," त्या एकदम म्हणाल्या. "मी दर रविवारी परातीत अंघोळ घालते तेव्हा बघते." त्यांनी इंजिनाची दोरी ओढली, तोंडाशी हात धरले आणि अख्ख्या नदीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अनाक्लेतो! अनाक्लेतो!"

"अनाक्लेतो!" एवारिस्तोही ओरडला. "कुठे आहात?"

पाऊस, धुकं, आणि एक बाई नवऱ्याच्या नावाने टाहो फोडतेय. बाकीच्या बोटींना आणखी काय कळणार? पन्नास हातांवरून कुणीतरी शिट्टी फुंकली. "माणूस पडला! माणूस पाण्यात पडला!" ती हाक बोटीबोटींवरून नदीभर गेली. दहा मिनिटांत तीस-चाळीस बोटी इंजिनं बंद करून, टोप्या काढून भोवती उभ्या राहिल्या. एका बोटीवर अकॉर्डियन होतं, त्यावर कुणीतरी रडवेला सूर धरला. मग बचाव बोट आली. तिच्यावर रबरी बूट घातलेला एक धिप्पाड माणूस फळीला कागद लावून तयार होता.

"धीर धरा, बाई! नाव?"

"अनाक्लेतो."

"वय?"

"असते तर एकाहत्तर."

"असते तर असं बोलू नका! आशा सोडायची नाही! कधी गेले?"

"सहा वर्षं झाली."

पेन्सिल थांबली. "पाण्यात कधी गेले?"

"हे काय, आत्ता. बारा मिनिटं झाली."

"अंगावर काय होतं?"

"पाठ हिरवी, पोट पांढरं, गालावर दोन लाल ठिपके."

"उंची?"

"सोळा सेंटिमीटर," सेन्योर एस्कुर्रा घाईघाईने म्हणाले. सकाळपासून त्यांच्या अखत्यारीतला हा पहिलाच प्रश्न होता.

बचाव बोटीवरचा माणूस एवारिस्तोकडे वळला. "चामीगो, दोस्ता, तू सांग. पोहता येतं का यांना?"

"सासूबाईंच्या हातात नाही पोहायचे," एवारिस्तो प्रामाणिकपणे म्हणाला. "माझ्याकडे पोहले."

सगळा उलगडा व्हायला पंधरा मिनिटं लागली. अकॉर्डियन बंद झालं. टोप्या डोक्यांवर परत गेल्या, पण काही लोकांनी जाताना दोन्या रुफिनांचा हात हातात घेतला, कारण त्यांच्या नवऱ्याला गावात सगळे ओळखत होते. बचाव बोटीवरच्या माणसाने बराच विचार करून कागदावर लिहिलं, "सासरा एक, लाकडी, बेपत्ता." आणि तो निघून गेला.

भोंगा वाजेपर्यंत सासू-जावयाने जलपर्णीचं एकेक बेट पालथं घातलं. एक चप्पल सापडली. एक भोपळा सापडला. अनाक्लेतो सापडले नाहीत.

एक वाजता भोंगा वाजला, आणि त्याच क्षणी सेन्योर एस्कुर्रांच्या तोंडाचं बूच उडालं.

"ती गाठ तंगुसाची होती!" ते ओरडले. "तंगुसात ती रुतून बसते! विणलेली दोरी गुळगुळीत असते, तिथे दुहेरी ओवायला लागतं, वेढे वाढवायला लागतात! आणि तू? चरबीच्या हातांनी! ती सरकतेय, केसाकेसाने सरकतेय, हे मी साडेनऊपासून बघतोय! साडेनऊपासून!"

"मग बोलला का नाहीत?"

"मी पंच होतो!"

"पण तुम्ही अकरा तोर्ता खाल्ल्या!"

"तोंडात काहीतरी कोंबल्याशिवाय गप्प कसा बसणार होतो?" सेन्योर एस्कुर्रा म्हणाले, आणि तोंड ओंजळीत लपवून बसले.

धक्क्यावर बोट बांधली तीही दोन्या रुफिनांनीच. एवारिस्तोने मदतीसाठी दोरखंड धरला, तर त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

*

बक्षीस समारंभाला एवारिस्तो मांडवाच्या अगदी मागच्या खांबाशी उभा राहिला. नदीकाठी सोय कुठे होईल याचा विचार तो खरोखरच करत होता. बचाव बोटीच्या शेडमागे एक कोरडी जागा त्याने हेरली होती.

"पहिला क्रमांक!" भोंगा कडकडला. "सत्त्याण्णव सेंटिमीटर! बोट क्रमांक चौदा! फादर सेनोन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फादर सेनोन झगा सावरत मंचावर चढले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "यात माझं काही नाही. मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला होतो. हाक ऐकली की एक माणूस बुडाला. मी उभा राहिलो, त्या अनोळखी आत्म्यासाठी डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले, तर बोटीला टेकून हा तरंगत होता! मी खूण ओळखली. बुडालेल्या आत्म्याच्या शांतीसाठी एक फेक टाकली. एकच!" आणि त्यांनी हात उंच केला.

हिरवी पाठ. पांढरं पोट. दोन लाल ठिपके.

एवारिस्तोने खांब घट्ट धरला. दोन्या रुफिना गर्दी कापत निघाल्याही होत्या. ओल्या पोंचोने पाणी ठिबकवत त्या मंचावर चढल्या, आणि ध्वनिक्षेपकात स्पष्ट म्हणाल्या, "ते माझे यजमान आहेत."

मांडवातले मागचे लोक खुर्च्यांवर चढले.

"कोण?" फादरने मागे वळून पाहिलं.

"तुमच्या हातातले."

फादर सेनोननी लाकडी मासा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचा चेहरा पडला. "अनाक्लेतो? अरे देवा. मीच यांना पुरलं होतं. ओळखलंच नाही."

दोन्या रुफिनांनी मासा हातात घेतला. पाठीवर दातांच्या नव्या खुणा होत्या. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला.

"अठ्ठावीस वर्षं," त्या त्याला म्हणाल्या. आवाज सगळीकडे ऐकू जात होता, पण त्यांना भान नव्हतं. "बावीस स्वतःचे हट्ट, सहा माझे. आणि जिंकलात शेवटी, तर घराबाहेर जाऊन! बाकी सवय जुनीच आहे." मग त्यांनी पदरासारखा पोंचो डोळ्यांना लावला.

फादरने चषक त्यांच्या हातात दिला. बोटीचं नवं इंजिन मात्र स्वतःकडे ठेवलं. नदीच्या दोन्ही काठांना भक्त आहेत, म्हणाले.

मंचावरून उतरताना एवारिस्तोने त्यांना गाठलं. त्याला राहवेना. आयुष्यात एवढं सगळं घडूनही त्याला राहवेना.

"फादर, एकच विचारतो. दोरी कुठली होती?"

"दोरी?" फादर आठवू लागले. "कुठली बरं? हां. नाताळात देवदूत टांगतो ना आपण छताला? त्याचाच तंगूस. जुनाच आहे."

*

दोन्या रुफिनांनी एवारिस्तोला घरात घेतलं. "आण त्याला," एवढंच त्या नेलिदाला म्हणाल्या, जशी बाहेर राहिलेली कपड्यांची बादली आत आणायला सांगावी. अनाक्लेतो देव्हाऱ्यात परतले, शेजारी चषक. आणि सोमवारी सकाळी दोन्या रुफिनांनी एवारिस्तोच्या रॉडवरचं रीळ काढलं, हात साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले आणि रस्ता ओलांडून गेल्या. सिरियाकोचं फाटक जागेवर उभं केलं आणि त्या आठ पदरी दोरीने खांबाला बांधलं. दुहेरी ओवून, नऊ वेढे.

याला दीड महिना झाला. फाटक अजून उघडत नाही. सिरियाको सकाळी कुंपणावरून उडी मारून कामाला जातो आणि संध्याकाळी उडी मारून परत येतो. पूर्वीपेक्षा बारीक झालाय. घरात सुरी आहे, पण गाठ दोन्या रुफिनांनी मारलेली आहे, ती कापायची कुणाची छाती नाही.

एवारिस्तो दुकानातून येताना रोज तिथे थांबतो. दोरीला बोट लावून पाहतो. ती सतारीसारखी वाजते. मग आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून तो हळूच म्हणतो,

"तुटली नाही."